दोन्ही वस्तरेच, पण पट्टा एकालाच लागतो

मिटवून शेजारी शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच दिसतात. तीच लांबट मूठ, तीच मागे निघालेली शेपटी, तोच मधला खिळा. मराठीत दोघांनाही वस्तराच म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

उघडले की फरक कळतो. एकाचं पातं म्हणजे पोलादाचा अखंड तुकडा, पाठीकडे जाड आणि धारेकडे निमुळता होत गेलेला. दुसऱ्यात पात्याच्या जागी नुसती पकड असते आणि तिच्या फटीतून ब्लेडची बारीकशी कड बाहेर डोकावते. पहिला पारंपरिक वस्तरा. दुसऱ्याला शेव्हेट म्हणतात. हे मुळात जर्मनीतल्या झोलिंगेन गावच्या डोव्हो कंपनीच्या एका वस्तऱ्याचं नाव, पण आता ब्लेड बदलता येणाऱ्या सगळ्याच वस्तऱ्यांना सर्रास लावलं जातं.

रूप सारखं असल्यामुळे शेव्हेट हा वस्तऱ्याचा सोपा, धाकटा भाऊ असा समज झाला आहे. मला तो वस्तऱ्यापेक्षा सेफ्टी रेझरच्या घरातला वाटतो. तेच ब्लेड, फक्त धारेलगत राखण करणारी पट्टी काढून टाकलेली. हे एकदा डोक्यात बसलं की दोघांचं बाकीचं वागणं आपोआप समजत जातं.

आधी वस्तऱ्याची पाठ पाहू, कारण खरी हुशारी तिथे आहे. धार लावताना पातं शिळेवर आडवं ठेवतात. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. इथे तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून ठरवतात. ही रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजायची पद्धत आहे. ५/८ चा वस्तरा म्हणजे साधारण १६ मिलिमीटर रुंद. पाठ साडेचार मिलिमीटर धरली, तर दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन १६ अंशांच्या आसपास येतो. गंमत अशी, की वर्षानुवर्षं घासून पातं अरुंद होत जातं तशी पाठही झिजते, त्यामुळे कोन फारसा हलत नाही. धार लावायचं साधन वस्तऱ्याच्या अंगातच घडवलेलं आहे. ज्याने कोणी हे पहिल्यांदा योजलं, त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

पाठ आणि धार यांच्या मधला भाग दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेला असतो. काही वस्तऱ्यांत तो इतका पातळ असतो, की धारेवर नखाचा अगदी हलका दाब दिला तरी पोलाद किंचित लवताना दिसतं. असा वस्तरा गालावरून फिरताना बोलतो. खुंट कापले जाताना बारीक खरखर ऐकू येते आणि ती थांबली की तिथलं काम झालं असं समजायचं. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरच्या जुन्या, जाड, पाचरीसारख्या वस्तऱ्यांत हा आवाज दबलेला असतो. ते वजनाने काम करतात.

शेव्हेटमध्ये यातलं काहीच नाही, कारण त्याची धार त्याची स्वतःची नसतेच. सेफ्टी रेझरचं दुधारी ब्लेड कागदी वेष्टनातच लांबीच्या दिशेने दुमडायचं, ‘कट्’ असा आवाज येतो आणि दोन तुकडे होतात. एक तुकडा पकडीत सरकवला की वस्तरा तयार. हे ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं. त्याचा पूर्वज १९०४ साली अमेरिकेत किंग कॅम्प जिलेटच्या नावे पेटंट झाला. इतक्या पातळ पत्र्याला कारखान्यातच धार लावून स्वस्तात विकायचं आणि बोथट झाला की फेकायचा, ही ती कल्पना. शेव्हेटने ती जशीच्या तशी उचलली. फेदर या जपानी कंपनीचे काही वस्तरे याला थोडा अपवाद आहेत. त्यांची ब्लेडं लांब, जाड आणि खास त्याच पकडीसाठी बनवलेली असतात. चेहऱ्यावर ती अर्ध्या ब्लेडपेक्षा बरीच शहाण्यासारखी वागतात.

आता चेहऱ्यावर. नवशिक्यांना एक सल्ला सगळीकडून मिळतो: आधी शेव्हेटवर हात बसवा, मग खऱ्या वस्तऱ्याकडे वळा. मीही तसंच केलं आणि आता तो सल्ला कोणालाही देत नाही. धार लावायची कटकट नाही म्हणून शेव्हेट सोपा वाटतो, पण त्वचेवर तो जास्त कडक आहे. नव्या ब्लेडची धार चामड्याच्या पट्ट्यावर फिरवलेल्या वस्तऱ्यापेक्षा जहाल असते. त्यात शेव्हेट वजनाला हलका, म्हणून हात नकळत दाब देतो. वस्तऱ्याला स्वतःचं वजन असतं. तो नुसता धरून खाली उतरू दिला तरी कापतो. त्वचेशी धरायचा कोन दोघांचाही साधारण ३० अंश. पण वस्तऱ्याचा हा कोन जरा चुकला तर तो आधी ओढतो, खरडतो, म्हणजे इशारा देतो. शेव्हेट इशारा देत नाही. आरशात लाल ठिपका दिसतो तेव्हाच कळतं.

सगळ्यात त्रास कोपऱ्यांचा. वस्तऱ्याचं टोक बहुतेक वेळा गोलसर घडवलेलं असतं. अर्ध्या ब्लेडला मात्र दोन्ही टोकांना काटकोनी, तीक्ष्ण कोपरे असतात आणि कानाच्या पाळीखाली किंवा नाकपुडीशी वळताना तेच आधी टेकतात. माझ्या डाव्या कानाखालची बारीक पांढरी रेघ अशाच एका कोपऱ्याची देणगी आहे. तेव्हा मी घाईत होतो आणि ‘एवढं काय, शेव्हेटच तर आहे’ असं मनाशी म्हणत होतो.

पाणी, साबण, ब्रश यांच्या बाबतीत दोघांत काडीचा फरक नाही, त्यामुळे तिथे फार रेंगाळत नाही. केसांनी पाणी प्यायला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. भिजलेला केस फुगतो आणि कमी जोरात कापला जातो. ब्रशने फेस घोळवत राहायचं, तो दह्यासारखा दाट आणि चकचकीत होईपर्यंत. बुडबुडे दिसत असतील तर आणखी घोळवायचा, कोरडा वाटला तर दोन थेंब पाणी. वस्तऱ्याखाली राखण करणारी पट्टी नसते, म्हणून फेसाचा निसरडेपणा हाच खरा आधार. बिनपाण्याची हजामत हा वाक्प्रचार ज्याने घडवला, त्याने ती सोसलेली असणार.

धार मरते दोघांचीही, पण पुढे काय करायचं यात वाटा फुटतात. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, तरी तो धारेला हरवतो. हे कसं घडतं ते अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. धार हळूहळू झिजून गोल होते एवढंच पुरेसं स्पष्टीकरण नाही. पोलादाची घडण सगळीकडे एकसारखी नसते. केस तिरका वाकून धारेच्या नेमक्या कमकुवत जागी भिडला, तर तिथून अतिसूक्ष्म टवका उडतो. एक टवका उडाला की शेजारची जागाही उघडी पडते.

शेव्हेटवाला अशा वेळी ब्लेड फेकतो. राठ दाढी असेल तर एका ब्लेडवर दोन दाढ्या, मऊ असेल तर तीन-चार. विषय संपला.

वस्तरेवाल्याचा विषय मात्र तिथे सुरू होतो. दर दाढीआधी चामड्याच्या ताणलेल्या पट्ट्यावर तीस-चाळीस फेऱ्या. पट्टा धार ‘लावत’ नाही. पोलाद खरवडायचं काम दगडाचं. पट्टा धारेची वाकडी झालेली कड सरळ करतो, गुळगुळीत करतो. पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे. दगडावर याच्या नेमकं उलट, धार पुढे. पट्ट्याच्या टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवर कुशी बदलतो आणि उलट दिशेने परत येतो. पातं उचलून पालटायचं नाही, पाठ चामड्यावरून उठताच कामा नये.

हे मला तोंडपाठ होतं. तरी शेव्हेटवरून वस्तऱ्यावर आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी वळणाच्या जागी धार आधी फिरवली. ‘चर्र’ झालं आणि नव्या कोऱ्या पट्ट्याच्या मधोमध चंद्रकोरीसारखा काप. वर निघालेली चामड्याची जीभ पॉलिश पेपरने घासून सपाट केली, पण फेरी मारताना तिथे अजूनही बोटाला बारीक ठेच जाणवते. शेव्हेटच्या वर्षभराने मला ब्लेड कसं धरायचं ते शिकवलं होतं. पाठीवर कुशी बदलायला शिकवणं त्याला शक्यच नव्हतं, कारण त्याची पाठ काही कामाचीच नाही.

काही महिन्यांनी पट्टाही पुरेनासा होतो. मग दगड. त्यांच्यावरचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक. मोडकी धार पुन्हा उभी करायला १००० चा, ती बारीक करत न्यायला ४०००-८०००, शेवटचा हात १२००० चा किंवा एखादा नैसर्गिक दगड. रोज जपून पट्ट्यावर फिरवलेल्या वस्तऱ्याला १००० वर सहसा जावंच लागत नाही, शेवटच्या दगडावर थोड्या फेऱ्या पुरतात. आणि ओलावा. बरेचसे पारंपरिक वस्तरे कार्बन पोलादाचे असतात; एका रात्रीच्या थेंबाने धारेजवळ तांबूस ठिपका पडतो आणि तो ठिपका धारेपर्यंत पोचला तर तेवढा भाग दगडावर घासून काढावा लागतो. पुसायचं, खिळ्याच्या आतल्या फटीतही फडकं घालायचं, बरेच दिवस वापरणार नसाल तर तेलाचा हात द्यायचा. शेव्हेटचं ब्लेड स्टेनलेस, आणि तसंही उद्या-परवा जाणारच.

एका बाबतीत शेव्हेट निर्विवाद पुढे आहे. एकच वस्तरा अनेकांच्या गालांवरून फिरत असेल तर तो बदलत्या ब्लेडचाच हवा. हेपेटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरू शकतो आणि त्याच्यासाठी डोळ्यांना न दिसणारं रक्तही पुरतं. पट्ट्यावर फिरवून तो जात नाही. उलट पट्टाच त्याची वाहतूक करतो. पारंपरिक वस्तरा एकाच माणसाचा असावा. घरातसुद्धा.

विकत घेताना या दोघांत गफलत होत असेल तर नुकसान थोडं. खरा घोटाळा तिसऱ्याच वस्तूचा आहे, जी वस्तऱ्यासारखी दिसते आणि वस्तरा नसते. चकचकीत लाकडी मूठ, पात्यावर नक्षी, किंमत मोहात पाडणारी. माझ्याकडे असा एक आहे. १००० च्या दगडावर तीन संध्याकाळी घालवल्या, पण मऊ पोलाद, धार धरेचना. पातं इतकं पिळलेलं, की सपाट दगडावर ठेवलं की टाच, म्हणजे मुठीकडचा भाग, टेकते तेव्हा टोक अधांतरी आणि टोक टेकवावं तर टाच वर. आता घ्यायचा झाला तर मी आधी पातं काचेवर आडवं ठेवून पाहतो: पाठ आणि धार दोन्ही टोकापासून टाचेपर्यंत टेकतात का. शेव्हेट घेताना ब्लेड पकडीत सरकवून बोटाने हलकेच ढकलतो. ते हललं तर परत देतो.

तो नक्षीवाला मी फेकला नाही. टपालाची पाकिटं मात्र तो सुरेख फोडतो.