महागाई घटली, मग स्वस्ताई का नाही आली?

महागाईचा दर निम्म्यावर आला अशी बातमी वाचली की नुकताच बाजारातून आलेला माणूस चिडतो. पिशवी तेवढीच, पैसेही कालच्याइतकेच गेले, मग घटलं काय? त्याचा राग खरा आहे आणि बातमीही खरी आहे. महागाईचा वेग कमी होणं आणि किमती कमी होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकच समजतो.

जिना चढणाऱ्याची चाल मंदावली म्हणून तो खाली उतरत नसतो. महागाई दर म्हणजे ही चाल. अमेरिकेत जून २०२२ मध्ये हा दर ९.१ टक्के होता; वर्षभरात तो ३ टक्क्यांवर आला. आता किमतींची पातळी बघा. जून २०२१ मध्ये ती १०० धरली, तर वर्षाने १०९ झाली आणि आणखी वर्षाने सुमारे ११२. दर झपाट्याने उतरला, किमती मात्र चढतच राहिल्या. आधी वाढलेले नऊ तसेच राहिले आणि त्यावर आणखी तीन चढले. या दोन वर्षांत ज्याचा पगार बारा टक्क्यांनी वाढला नाही, तो मागेच पडला.

दुसरी गोष्ट चलनघट, म्हणजे सरसकट किमती उतरणं. पीक चांगलं आलं म्हणून धान्य उतरलं, तर ती चलनघट नव्हे. ऐकायला ही स्वस्ताई हवीशी वाटते, पण मला महागाईपेक्षा तिचीच धास्ती जास्त वाटते. किंमत उतरली की विकणाऱ्याची मिळकत उतरते, मग त्याच्याकडच्या कामगाराचा पगार कापला जातो. कर्जाचा हप्ता मात्र तोच राहतो. १९२९ ते १९३३ दरम्यान अमेरिकेत किमती सुमारे पाव हिश्शाने पडल्या आणि १९३३ मध्ये जवळपास दर चौथा कामगार बेकार होता. वस्तू स्वस्त, पण घ्यायला पैसा कुठे होता? अर्थतज्ज्ञ आयर्विंग फिशर यांनी त्याच वर्षी हे दुष्टचक्र मांडलं: कर्ज फेडायला सगळेच मालमत्ता विकायला काढतात, त्याने किमती आणखी पडतात आणि उरलेलं कर्ज अधिकच जड होतं.

जपानमधली चलनघट इतकी भीषण नव्हती, चिवट होती. अखेर जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने किमती वर्षाला २ टक्क्यांनी वाढाव्यात असं उद्दिष्टच ठरवलं.

म्हणूनच मध्यवर्ती बँका चाल मंद करतात, जिना उतरायला लावत नाहीत. अमेरिकेत २०२३ च्या मध्याला वेतनवाढ महागाईच्या पुढे निघाली, तेव्हा कुठे मागचा खड्डा भरायला सुरुवात झाली.