खेचोपाल्री: पान न तरंगणाऱ्या तळ्याची पार्श्वभूमी
सिक्कीमच्या ग्यालशिंग जिल्ह्यात, पेलिंगहून युकसमकडे जाताना, खेचोपाल्रीचा फाटा लागतो. तळं साधारण 1,700 मीटर उंचीवर, दाट जंगलात. तळ्यावरच्या डोंगरात गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, आणि वस्ती आहे. उंचावरून पाहिलं की तळं पावलाच्या आकाराचं दिसतं. बौद्धांच्या लेखी ते तारादेवीचं पाऊल, हिंदूंच्या लेखी शंकराचं. बौद्ध गुरू पद्मसंभवांनी इथे चौसष्ट योगिनींना उपदेश केला, अशीही श्रद्धा आहे.

लेपचांची, म्हणजे सिक्कीमच्या मूळ रहिवाशांची, कथा वेगळी आहे. पूर्वी इथे सिस्नूचं, म्हणजे अंगाला लागताच आग करणाऱ्या झुडपाचं, रान होतं. त्याच्या सालीच्या धाग्यांचं कापड लेपचा विणत. एक जोडपं साल सोलत बसलं असताना आकाशातून शंखांची जोडी पडली, जमीन हादरली आणि खालून पाणी उसळलं. हा प्रदेशच भूकंपाचा. 18 सप्टेंबर 2011 रोजी सिक्कीमला 6.9 तीव्रतेचा धक्का बसला होता. त्यामुळे कथेतली हादरणारी जमीन इथल्या माणसाला परकी वाटत नाही.

पाण्यावर पान पडलं की पक्षी ते उचलून नेतात, ही सर्वांत प्रसिद्ध समजूत. मधलं पाणी स्वच्छ दिसतं खरं, पण काठच्या दलदलीत पालापाचोळा भरपूर साचलेला असतो. तरी या समजुतीचं मोल मोठं आहे. तिच्यामागच्या श्रद्धेमुळे मासेमारी आणि नौकाविहार वर्ज्य राहिले, पाणी फक्त पूजेसाठी घेतलं जाऊ लागलं. 2001 मध्ये राज्य सरकारने पवित्र स्थळांच्या यादीत तळ्याचा समावेश केला. 2025 मध्ये ते सिक्कीमचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं.

धोका आहे तो वरून येणाऱ्या गाळाचा. उघडं पाणी जेमतेम 4 हेक्टर आणि पाणलोट सुमारे 12 चौरस किलोमीटर, म्हणजे तळ्याच्या तीनशे पट. उतारावर झाडं तुटली, गुरं चरली, दरड कोसळली की माती ओढ्यांवाटे तळ्यात येते. काठ उथळ होतो, त्यावर दलदल चढते आणि पाणी आत सरकतं. पाण्यात माशांसाठी टाकलेली बिस्किटं नि खाऊ कुजून खतासारखं काम करतात, दलदलीच्या वनस्पतींना ते पोषकच. म्हणून लाकडी धक्क्यावर चप्पल काढून जावं, हात जोडावेत आणि माशांना काही घालू नये.