बार्शीचा एक शोधनिबंध आणि उद्धरणांचा हिशेब

गूगल स्कॉलरवर एखाद्या कर्करोग संशोधकाचं नाव शोधलं, की त्याच्या शोधनिबंधांच्या यादीशेजारी काही आकडे दिसतात. त्यांतले दोन सगळ्यांच्या तोंडी असतात: एकूण उद्धरणं आणि एच-इंडेक्स. नेमणूक, बढती, संशोधनाचा निधी अशा कितीतरी गोष्टी या आकड्यांवर अडतात. म्हणून ते कशाचे बनतात, हे कळायला हवं.

उद्धरण म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात तुमच्या कामाचा दिलेला संदर्भ. एच-इंडेक्स २००५ साली होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. तो ४० असेल, तर त्या संशोधकाच्या ४० निबंधांना प्रत्येकी निदान ४० उद्धरणं मिळालेली असतात. निबंधाच्या लेखकांत पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं असतं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. मधल्या विसाव्या नावालाही एच-इंडेक्समध्ये तेवढंच श्रेय मिळतं.

कर्करोगशास्त्रात सर्वाधिक उद्धृत लेखांपैकी एक आहे डग्लस हॅनाहन आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांचा. जानेवारी २००० मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या या लेखात त्यांनी कर्कपेशींची सहा समान लक्षणं मांडली. त्यात नवा प्रयोग एकही नाही, आधीच्या संशोधनाचा तो आढावा आहे. विखुरलेल्या माहितीला त्यांनी आकार दिला, म्हणून कर्करोगावर काहीही लिहिताना लोक सुरुवातीलाच त्याचा संदर्भ देतात. हे काम मोठंच आहे. पण प्रयोगातून हाती आलेल्या निष्कर्षाशी त्याची आकड्यांत तुलना करण्यात अर्थ नाही.

उद्धरण मोजणाऱ्याला स्तुती आणि टीका यांतला फरकही कळत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने २००६ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये दावा केला, की जनुकांच्या नोंदींवरून कोणतं केमोथेरपीचं औषध लागू पडेल ते आधीच सांगता येतं. ह्यूस्टनच्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी ती माहिती तपासली. जनुकांच्या यादीत एक ओळ सरकलेली होती. काही ठिकाणी तर औषधाला दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या पेशींची अदलाबदल झाली होती. याच दाव्याच्या आधारे रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या होत्या. तो निबंध २०११ मध्ये मागे घेण्यात आला. त्यातली चूक दाखवणारे निबंधही त्याच्या उद्धरणांत धरले जातात.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं काम आपल्या बार्शीशी जोडलेलं आहे. नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठी चाचणी केली. रंगस्वामी शंकरनारायणन, भगवान नेने आणि सहकाऱ्यांचा निबंध एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. गावांचे ५२ समूह आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. चिठ्ठी टाकावी तसे चार गट पाडले: एकाला या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्याला ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी आणि चौथ्याला फक्त नेहमीची आरोग्यसेवा.

एचपीव्ही गटात कर्करोग सापडला १२७ जणींना, नेहमीच्या सेवेच्या गटात ११८ जणींना. वरवर पाहता फारसा फरक नाही. पण दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्याला पोचलेला आजार पहिल्या गटात ३९ जणींचा होता, तर चौथ्या गटात ८२ जणींचा. मृत्यू ३४ आणि ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. बाकी दोन तपासण्यांत तसा स्पष्ट फायदा दिसला नाही. हे आकडे मिळायला वर्षानुवर्षं गावोगाव जाऊन बायकांना समजावणं, नमुने घेणं, कोण आजारी पडलं आणि कोण गेलं याची नोंद ठेवणं भाग होतं. असा एक निबंध होईपर्यंत प्रयोगशाळेत बसून दहा निबंध लिहून होतात आणि एच-इंडेक्स त्या दहांच्याच बाजूने झुकतो. ही त्या मोजमापाची मोठी उणीव आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा निबंध पुढे जगभर उद्धृत झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिली तपासणी म्हणून एचपीव्हीच्या डीएनए चाचणीलाच पसंती दिली. पण बार्शीच्या निबंधाचा संदर्भ देणाऱ्यांत टीकाकारही आहेत. पॅप तपासणीचा उपयोग अनेक दशकं माहीत असताना ३१,४८८ स्त्रियांचा एक गट तपासणीविना का ठेवला, असं ते विचारतात. ग्रामीण भारतात त्या काळी नेहमीची सेवा तपासणीविनाच होती, हा त्यावरचा प्रतिवाद. मला टीकाकारांचा प्रश्न रास्त वाटतो आणि निष्कर्षही तितकाच मोलाचा वाटतो. ज्यांना या संशोधकांचं काम जोखायचं आहे, त्यांनी उद्धरणांची संख्या बाजूला ठेवून मूळ निबंध आणि त्यावर टीका करणारे निबंध, दोन्ही उघडून वाचावेत.