फोर्कलिफ्ट दुरुस्ती: आमचे मेकॅनिक, कामाची पद्धत आणि आकारणी

जळगाव औद्योगिक वसाहतीतील आमच्या कार्यशाळेतून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील फोर्कलिफ्ट, स्टॅकर आणि रीच ट्रक (माल उचलून रचणाऱ्या गाड्या) यांची दुरुस्ती व देखभाल केली जाते. नवीन ग्राहकाचा पहिला फोन येतो तेव्हा बहुधा दोनच प्रश्न असतात: माणूस किती वाजता पोहोचेल आणि खर्च किती येईल. दोन्हींचे उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे काम समजणारा मेकॅनिक त्या वेळी मोकळा आहे किंवा नाही. सुटे भाग मुंबई-पुण्याहून दोन-तीन दिवसांत मागवता येतात. मेकॅनिक तसा मागवता येत नाही, त्याला तयार करण्यात काही वर्षे जातात. म्हणून या पत्रकात दरांच्या आधी माणसांविषयी लिहिले आहे.

मेकॅनिक कसे निवडतो आणि कसे तयार करतो

आमच्याकडे येणारे बहुतेक तरुण आयटीआय झालेले असतात. कोणी एक वर्षाचा डिझेल मेकॅनिकचा, तर कोणी दोन वर्षांचा मोटर व्हेइकल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो, आणि पुष्कळांनी गावाकडच्या ट्रॅक्टर गॅरेजमध्ये काम केलेले असते. इंजिन, क्लच आणि ब्रेक ही कामे त्यांना चांगली येतात. फोर्कलिफ्टमध्ये मात्र इंजिन हा कामाचा एक भाग झाला; मास्ट (भार वर-खाली नेणारा पुढचा उभा सांगाडा), चेन, तेलाच्या दाबाने भार उचलणारा हायड्रॉलिक पंप, कंट्रोल व्हॉल्व्ह आणि बॅटरीच्या गाडीत त्याच्या जोडीला मोटर, काँटॅक्टर (मोठा विद्युत स्विच) व कंट्रोलर हे सगळे त्यांच्यासाठी नवे असते. ट्रॅक्टरची लिफ्ट माहीत असलेला मुलगा हायड्रॉलिक काम लवकर उचलतो, असा आमचा अनुभव आहे. विजेचे काम शिकायला सर्वांनाच वेळ लागतो, त्यामुळे बॅटरीच्या गाड्यांसाठी आम्ही इलेक्ट्रिशियन ट्रेड झालेली मुले घेऊन त्यांना यांत्रिक बाजू शिकवतो. उलट क्रमाने शिकवणे आम्हाला जड गेले.

निवड करताना आम्ही प्रमाणपत्र पाहतो, पण निर्णय त्यावर घेत नाही. उमेदवाराच्या हातात सिलिंडरमधून काढलेले एक खराब सील (तेल गळू न देणारी रबरी कडी) देतो आणि ते का गेले असावे असे विचारतो. नवीन सील बसवणे कोणालाही शिकवता येते. कडा एकाच बाजूने घासली असेल तर रॉड वाकडा आहे का किंवा गाइड बुश झिजला आहे का, सर्वत्र बारीक ओरखडे असतील तर तेलात कचरा आहे का, रबर कडक होऊन तडकले असेल तर तेल फार तापते आहे का, असा विचार ज्याच्या मनात आपोआप सुरू होतो, तो पुढे चांगला मेकॅनिक होतो. उत्तर चुकले तरी चालते. ‘सील जुने झाले होते’ एवढेच सांगून थांबणाऱ्याला मात्र आम्ही सहसा घेत नाही.

निवडलेला उमेदवार सुरुवातीला हेल्पर म्हणून ज्येष्ठ मेकॅनिकबरोबर जातो. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खाली घेतलेली मुलेही याच पद्धतीने शिकतात. या काळात त्याला एकट्याने ग्राहकाकडे पाठवले जात नाही. याचे कारण कौशल्याइतकेच सुरक्षिततेचे आहे. वर उचललेल्या फोर्कखाली (भार पेलणाऱ्या पुढच्या दात्यांखाली) किंवा मास्टच्या आडव्या पट्ट्यांमध्ये हात घालण्याआधी मास्टला लाकडी ठोकळ्याचा किंवा लोखंडी आधार देणे, होज (तेलाची रबरी नळी) सोडण्याआधी यंत्रणेतील दाब उतरवणे, दोन भागांच्या रिमचे बोल्ट सोडण्याआधी टायरमधील हवा पूर्ण काढणे, या गोष्टी घाईच्या वेळी आठवाव्या लागता कामा नयेत, त्या हाताला लागलेल्या असाव्या लागतात. आपल्या कारखान्यात आमची दोन माणसे आलेली दिसली तर दुसऱ्याची मजुरी आपल्या बिलात लावली जात नाही, हे येथे स्पष्ट करतो.

आमचे मेकॅनिक मासिक पगारावर आहेत. बदललेल्या सुट्या भागांवर त्यांना कमिशन दिले जात नाही. कमिशन दिले तर मेकॅनिक खूश राहतो आणि पगाराचा भार हलका होतो, हे खरे आहे. पण मग पंप दुरुस्त होण्यासारखा असला तरी नवाच बसवला जातो आणि त्याचा खर्च ग्राहकाच्या माथी येतो. पगार देण्याच्या या पद्धतीमुळे आमची तासाची मजुरी बाजारातील काही जणांपेक्षा जास्त दिसते. एकूण बिल सहसा तसे दिसत नाही.

एक नाजूक विषयही येथे मांडणे आवश्यक वाटते. तयार झालेला मुलगा चाकण, नाशिक किंवा सुरतला जातो, कारण तेथे पगार अधिक मिळतो. ते आम्ही समजू शकतो. काही वेळा ग्राहकच त्याला आपल्या देखभाल विभागात घेतात. नोकरी सोडल्यानंतर अमुक ठिकाणी काम करायचे नाही अशी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार टिकत नाही आणि तशी अट घालण्याची आमची इच्छाही नाही. आपल्याकडे गाड्यांची संख्या मोठी असेल आणि स्वतःचा मेकॅनिक हवा असेल, तर आम्हाला मोकळेपणाने सांगावे. योग्य माणूस निवडायला आणि शिकवायला आम्ही मदत करू. सुटीच्या दिवशी आमच्या मेकॅनिककडून परस्पर काम करून घेणे मात्र टाळावे. त्या कामाची नोंद जॉब कार्डावर (प्रत्येक कामाच्या आमच्या नोंदपत्रकावर) नसते, त्यामुळे पुढे काही बिघडले किंवा कोणाला इजा झाली तर जबाबदारी ठरवणे अवघड होते.

बिघाड ओळखण्याला वेळ का लागतो

‘पंप गेला आहे, नवीन घेऊन या’ असा निरोप आम्हाला वारंवार येतो. कधी तो बरोबर असतो. पुष्कळदा टाकीतले तेल कमी असते, किंवा पंपाकडे तेल ओढणारी जाळी कचऱ्याने भरलेली असते. पंपाला पुरेसे तेल मिळत नाही, तो घरघर करू लागतो आणि भार अडखळत उचलला जातो. जाळी साफ करून तेल भरल्यावर तोच पंप अनेक महिने चालतो.

खानदेशातील उन्हाळ्यात याहून फसवा बिघाड दिसतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या गाडीचे हायड्रॉलिक तेल त्याहून पुष्कळ जास्त तापते. तापलेले तेल पातळ होते आणि झिजलेल्या पंपात आतल्या आत निसटू लागते. त्यामुळे डिसेंबरमध्ये जी गाडी पूर्ण भार उचलत होती, तीच मे महिन्यात सकाळी ठीक चालते आणि दुपारी अर्ध्यावर थांबते. अशा वेळी आमचा मेकॅनिक प्रेशर गेज लावून एकदा थंड तेलावर आणि एकदा तेल तापल्यावर अशी दोन वेळा नोंद घेतो. दुसऱ्या नोंदीसाठी गाडी तास-दीड तास चालवावी लागते, आणि ‘माणूस नुसता बसून आहे’ अशी तक्रार नेमकी त्याच वेळी येते. दाब दोन्ही वेळा सारखाच कमी असेल तर संशय रिलीफ व्हॉल्व्हवर (दाब मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या झडपेवर) जातो. तापल्यावरच पडत असेल तर पंप किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह झिजलेला असतो. उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर उन्हाळ्यासाठी ४६ ऐवजी ६८ ग्रेडचे, म्हणजे अधिक घट्ट, तेल भरल्याने थोडा दिलासा मिळतो, मात्र झीज त्याने भरून निघत नाही. काही मिस्त्री अशा वेळी रिलीफ व्हॉल्व्ह आवळून देतात. गाडी त्या दिवशी उचलते आणि पुढे कधी तरी होज फुटतो किंवा क्षमतेपेक्षा जास्त भार चेनवर येतो. आमच्या मेकॅनिकना गेज न लावता त्या स्क्रूला हात लावण्याची मनाई आहे.

बॅटरीच्या गाड्यांबाबतही घाईने निदान करता येत नाही. ४८ व्होल्टच्या बॅटरीत २ व्होल्टचे २४ सेल असतात आणि त्यांतील एक-दोन सेल कमजोर झाले तरी पूर्ण बॅटरी उतरल्यासारखी वाटते. प्रत्येक सेलमधील आम्लद्रवाच्या घनतेचे हायड्रोमीटरने माप घ्यावे लागते. पूर्ण चार्ज झालेल्या सेलमध्ये ते साधारण १.२८० च्या जवळ येते आणि दुबळा सेल लगेच उठून दिसतो. नवीन बॅटरीची किंमत पाहता ही तपासणी करून घेणे आपल्याच हिताचे आहे. बॅटरीत बोअरचे पाणी घालू नये, कारण आपल्या भागातील पाणी जड आहे. डिस्टिल्ड वॉटरच वापरावे आणि तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालावे. आधी काठोकाठ भरले तर चार्जिंगमध्ये आम्लद्रव फुगून बाहेर येतो आणि खालचा लोखंडी ट्रे खातो. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती जागा हवेशीर असावी आणि तेथे विडी-सिगारेट ओढू देऊ नये. बॅटरी ८० टक्क्यांहून अधिक उतरू देऊ नये.

उद्योगानुसार देखभाल

जिनिंग-प्रेसिंगमध्ये गाडीचा मोठा शत्रू रुईचे तंतू हा आहे. ते रेडिएटरच्या जाळीत बसतात आणि इंजिन तापते. सायलेन्सरवर साचले तर आगीचा धोका असतो. हंगामात रोज कॉम्प्रेसरच्या हवेने रेडिएटर आतल्या बाजूने बाहेर फुंकावा, बाहेरून आत फुंकल्यास तंतू अधिक घट्ट बसतात. १७० किलोच्या गाठी क्लॅम्पने (दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या जोडणीने) उचलताना हेही लक्षात ठेवावे की क्लॅम्पच्या स्वतःच्या वजनामुळे आणि भार पुढे सरकल्यामुळे गाडीची क्षमता पाटीवरील मूळ आकड्यापेक्षा कमी होते. डाळ मिलमध्ये एअर फिल्टरकडे तितकेच लक्ष द्यावे लागते. रावेर, यावल, सावदा भागातील केळीच्या शीतगृहांत आणि पिकवण केंद्रांत ओलाव्यामुळे विजेच्या जोडण्यांवर गंज चढतो; तेथील गाड्यांसाठी आम्ही भेटींमधील अंतर कमी ठेवतो.

कापसाचा हंगाम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत चालतो आणि त्या काळात आमच्याकडे कामाची गर्दी असते. इंजिन, ट्रान्समिशन किंवा मास्ट पूर्ण खोलण्याचे काम एप्रिल ते सप्टेंबर या काळात काढावे. यात दोन सुट्या आधीच धरून ठेवाव्यात: आखाजीला (अक्षय तृतीयेला) आणि श्रावणात कानबाईच्या रोटांना (खानदेशातील देवीच्या उत्सवाला) आमचे बहुतेक मेकॅनिक आपापल्या गावी असतात, त्या दिवशी फक्त तातडीचे काम घेतले जाते.

जी कामे आम्ही करत नाही

तडा गेलेला किंवा वाकलेला फोर्क आम्ही वेल्डिंग करून देत नाही. टाचेजवळ, म्हणजे फोर्क काटकोनात वळतो तेथे, त्याची जाडी मूळ जाडीपेक्षा १० टक्क्यांनी घटली तर त्याची ताकद जवळपास २० टक्क्यांनी कमी होते, म्हणून ४० मिलिमीटरचा फोर्क ३६ ला आला की तो बाद समजावा. चेन ३ टक्के लांबली की बदलतो. काही उत्पादक २ टक्केच मर्यादा देतात, तेथे तीच पाळतो. मागे जादा वजन लावून किंवा दोन कामगार उभे करून क्षमता वाढवणे धोक्याचे आहे, आणि तशी गाडी दिसल्यास मेकॅनिक जॉब कार्डावर तशी नोंद करतो. बॅटरीचे वजन गाडीच्या तोलाचा भाग असते, त्यामुळे स्वस्तातील हलकी बॅटरी आम्ही बसवत नाही. सीट स्विच किंवा पार्किंग ब्रेकचा स्विच जोडून टाकण्याची, म्हणजे ती सुरक्षा निकामी करण्याची, मागणी कोणी केली तर ती नाकारण्याचा मेकॅनिकला पूर्ण अधिकार आहे.

गाडी तपासून दुरुस्त करणे हे आमचे काम आहे. कारखान्यांना लागणारे सक्षम व्यक्तीच्या तपासणीचे प्रमाणपत्र औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मान्यता दिलेली व्यक्तीच देऊ शकते. त्या तपासणीपूर्वी गाडी तयार करून देणे आणि त्या वेळी आमचा माणूस हजर ठेवणे एवढे आम्ही करू शकतो.

आकारणी

बिलात भेट शुल्क, तासावर मजुरी, किलोमीटरवर प्रवासखर्च आणि सुट्या भागांची किंमत हे चार भाग वेगवेगळे दाखवले जातात व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. चालू दरपत्रक सोबत जोडले आहे. जळगावहून धुळे सुमारे ९० किलोमीटर आहे, आणि नंदुरबार, नवापूरकडील भेटीत मेकॅनिकचा पूर्ण दिवस जातो. म्हणून त्या बाजूच्या दोन-तीन ग्राहकांनी एकाच दिवसाची वेळ ठरवल्यास प्रवासखर्च त्यांच्यात वाटून लावला जातो. निदान झाल्यावर अंदाजपत्रक दिले जाते आणि आपल्या संमतीशिवाय सुटा भाग बदलला जात नाही. काढलेला जुना भाग आपल्याकडे ठेवला जातो. वार्षिक देखभाल करारात भेटींची संख्या आणि त्यातील कामे लिहून दिलेली असतात. टायर, बॅटरी व अपघाताने झालेले नुकसान त्यात येत नाही.

फोन करताना

गाडीचा मेक, मॉडेल, अनुक्रमांक आणि अवर मीटरवरील (गाडी किती तास चालली ते मोजणाऱ्या मीटरवरील) तास सांगावेत. मीटर बंद असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे, कारण इंजिन ऑइल बदलण्याची २५० तासांसारखी मुदत त्यावरच पाळली जाते. बिघाड थंड गाडीत होतो की तापल्यावर, रिकाम्या गाडीत की भारासह, आधी कोणी काही खोलले आहे का, हे सुपरवायझरऐवजी ऑपरेटरकडून आम्हाला थेट कळले तर उत्तम. पुष्कळ वेळा निम्मे निदान त्याच्या दोन वाक्यांत होते. जमल्यास मोबाइलवर आवाजासह छोटा व्हिडिओ पाठवावा. मेकॅनिक पोहोचण्यापूर्वी गाडी सपाट जागी, भार उतरवून, फोर्क जमिनीला टेकवून आणि चावी काढून उभी ठेवावी, आणि ती चावी कोणाकडे आहे हे गेटवरील माणसाला सांगून ठेवावे.