रेल्वेच्या कामासाठी सरकारी निधी: मागायचा कोणाकडे, कागद कोणते

पॅसेंजरचे शेवटचे दोन डबे फलाटाबाहेर उभे राहतात, म्हातारी माणसं खडीत उतरतात, आणि गाव दर वर्षी रेल्वेमंत्र्यांना एक निवेदन देतं. त्यात फलाट वाढवा, एक्सप्रेसला थांबा द्या, पूल बांधा, मेमू सोडा, दुहेरीकरण करा, असं सगळं एकाच पानावर असतं. ते पान दिल्लीहून झोनकडे, म्हणजे मध्य रेल्वेसारख्या रेल्वेच्या मुख्यालयाकडे, आणि झोनकडून विभागाकडे उतरतं, आणि सहा महिन्यांनी ‘मागणीची नोंद घेतली आहे’ एवढं उत्तर येतं. यात रेल्वेचा दोष थोडा आणि निवेदनाचा जास्त. पाच मागण्या म्हणजे पाच फायली, आणि प्रत्येकीचा पैसा वेगळ्या खिशातला.

आधी एक गैरसमज दूर करू. नागरिकाला किंवा प्रवासी संघटनेला रेल्वेच्या कामासाठी थेट अनुदान मिळत नाही. आपण करतो ती मागणी. पैसा मंजूर होतो रेल्वेच्या अर्थसंकल्पी तरतुदीतून, खासदार निधीतून किंवा राज्य सरकारच्या हिश्श्यातून. त्यामुळे ‘पात्रता’ इथे माणसाची कमी आणि कामाची जास्त तपासली जाते.

मागणीला पैसा लागतो का?

थांबा, गाडीची वेळ, जादा डबा, गाडी पुढच्या स्थानकापर्यंत नेणं हे निर्णय निधीचे नाहीत, गाड्या चालवण्याचे आहेत. त्यांचा अर्ज विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे, म्हणजे डीआरएमकडे, वेगळा द्यावा. नवा थांबा बहुधा प्रायोगिक तत्त्वावर मिळतो आणि तिकीटविक्री पाहून पुढे चालू राहतो किंवा बंद होतो. थांबा मिळाल्यावर पेढे वाटणारं गाव पुढचे सहा महिने तिकीट न काढता प्रवास करत असेल, तर तो थांबा जाणारच.

आपलं स्थानक कोणत्या विभागात येतं ते नीट बघा. महाराष्ट्रात मध्य रेल्वेचे मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ आणि नागपूर हे विभाग आहेत. पण नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेचा, मुख्यालय सिकंदराबादला. नागपुरात दोन डीआरएम बसतात, एक मध्य रेल्वेचे आणि दुसरे बिलासपूर मुख्यालयाच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे. गोंदियाचा अर्ज पहिल्या कार्यालयात दिला की तो आधी चुकीच्या टेबलावर फिरतो.

स्थानकातली कामं

फलाटाची उंची, छत, पाणी, शौचालय, बाकडी, दिवे, पादचारी पूल ही कामं प्रवासी सुविधांच्या लेखाशीर्षाखाली येतात. रेल्वेच्या भाषेत ते ‘योजना शीर्ष ५३’. प्रत्येक स्थानकाला एक दर्जा असतो. उपनगरी नसलेल्या स्थानकांना एनएसजी १ ते ६, उपनगरी स्थानकांना एसजी १ ते ३ आणि हॉल्टना, म्हणजे छोट्या थांब्यांना, एचजी १ ते ३. हा दर्जा प्रवासीसंख्या आणि उत्पन्नावरून ठरतो, आणि दर्जानुसार ‘किमान आवश्यक सुविधा’ ठरलेल्या असतात.

सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत उपयोगी कळ मला हीच वाटते. ‘आमच्याकडे छत नाही’ ही तक्रार झाली. ‘आमच्या दर्जाच्या स्थानकाला किमान इतकं छत हवं, प्रत्यक्षात इतकं कमी आहे’ ही त्रुटी झाली, आणि त्रुटी टाळणं अवघड जातं. त्यासाठी माहिती अधिकारात विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. चार गोष्टी मागा: स्थानकाचा दर्जा, मागच्या तीन वर्षांची प्रवासीसंख्या व उत्पन्न, त्या दर्जाच्या किमान सुविधांची यादी, आणि त्यातल्या किती पूर्ण आहेत. ‘का दिलं नाही’ असा प्रश्न विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा नाही.

आपलं स्थानक अमृत भारत स्थानक योजनेत असेल तर आधी मंजूर आराखडा मागवा. ६ ऑगस्ट २०२३ रोजी देशातल्या ज्या ५०८ स्थानकांची पायाभरणी झाली, त्यांत महाराष्ट्रातली ४४ होती. आराखड्यात असलेलं काम पुन्हा मागणं म्हणजे स्वतःचाच अर्ज निकाली काढणं.

खासदार निधी

मध्यम आकाराच्या कामाला हा सर्वांत जवळचा रस्ता. प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामं सुचवता येतात. ‘सुचवता’ हा शब्द महत्त्वाचा, कारण पैसे खासदारांच्या हातात येत नाहीत. ते शिफारस करतात, जिल्हा प्रशासन तपासून मंजुरी देतं आणि रेल्वेच्या हद्दीतलं काम रेल्वेच करते. लोकसभेचे खासदार मुख्यतः आपल्या मतदारसंघात शिफारस करतात, राज्यसभेचे निवडून आलेले खासदार मात्र आपल्या राज्यात कुठेही करू शकतात. स्थानिक खासदारांचा निधी आधीच वाटला गेला असेल तर हे दुसरं दार लोक विसरतात.

काम टिकाऊ आणि सार्वजनिक वापराचं हवं. पादचारी पूल, छत, बाकडी, पाण्याची सोय चालते. गाडी चालवण्याचा किंवा कर्मचाऱ्यांच्या पगाराचा खर्च यात बसत नाही. अनुसूचित जातींच्या वस्तीच्या भागांसाठी १५ टक्के आणि अनुसूचित जमातींच्या भागांसाठी ७.५ टक्के निधीची कामं सुचवायची असतात. आपलं स्थानक अशा भागाला उपयोगी पडत असेल तर ते अर्जात स्पष्ट लिहा.

क्रम उलटा करू नका. लोक आधी खासदारांचं पत्र मिळवतात, त्याचा फोटो काढतात, आणि मग कळतं की रेल्वेचं अंदाजपत्रकच नाही. आधी डीआरएम कार्यालयाकडून काम तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्याचा अभिप्राय आणि खर्चाचा अंदाज घ्या. पुढे तिसरा मार्ग येणार असेल तर आज सुचवलेला पूल रेल्वे मान्य करणार नाही. रेल्वे पुढची देखभाल करील, अशी लेखी हमीही याच टप्प्यावर मागा. मग शिफारस, मग जिल्हाधिकारी कार्यालय.

नवा मार्ग, दुहेरीकरण

इथे गावाच्या निवेदनाचं वजन थोडं. सर्वेक्षण, सविस्तर प्रकल्प अहवाल, परताव्याचा हिशेब, मग मंजुरी, अशी ही वाट आहे. परतावा कमी दिसला की राज्याने खर्चाचा वाटा उचलण्याचा प्रश्न येतो. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गात महाराष्ट्राने निम्मा वाटा घेतला, वर्धा–यवतमाळ–नांदेडमध्ये ४० टक्के. म्हणून अशी मागणी एकट्या रेल्वेकडे नेणं अपुरं आहे. पत्राची एक प्रत मुख्यमंत्री कार्यालयाकडे आणि एक स्थानिक आमदारांकडे हवी, आणि मागणी ‘राज्याने आपला हिस्सा मंजूर करावा’ अशा नेमक्या शब्दांत हवी.

अर्ज कोणी करावा, सोबत काय जोडावं

एकटा प्रवासीही अर्ज करू शकतो. नोंदणीकृत प्रवासी संघटना, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका असेल तर बरं, कारण विभागीय सल्लागार समितीत विषय मांडायला प्रतिनिधी शोधणं सोपं जातं. ही समिती डीआरएमच्या अध्यक्षतेखाली बसते आणि तिच्या इतिवृत्तात विषय आला की तो सहज हरवत नाही.

अर्जासोबत हे जोडा:

- एका कामाचा एकच अर्ज, स्थानकाचं नाव, फलाट क्रमांक आणि मोजमापासह
- माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तराची प्रत
- ग्रामसभेचा किंवा सर्वसाधारण सभेचा ठराव, क्रमांक आणि तारखेसह
- संघटनेचं नोंदणी प्रमाणपत्र
- तारीख दिसणारे फोटो, गाडी उभी असताना काढलेले
- शाळा, कॉलेज, रुग्णालय, बाजार समिती यांची पत्रं
- आधीच्या पत्रव्यवहाराची यादी, जावक क्रमांकांसह

सह्यांचे गठ्ठे शेवटी ठेवा. पाच हजार सह्यांपेक्षा महिनाभर रोज त्याच गाडीची मोजलेली चढउतार अधिक कामाची, आणि दोन कॉलेजची मुलं ती मोजू शकतात.

केंद्रीय अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो. २०१७ पासून रेल्वेचा हिशेबही त्यातच असतो. विभागाच्या कामांच्या याद्या त्याच्या कित्येक महिने आधी वर जातात. जानेवारीत दिलेला अर्ज त्या वर्षापुरता उशिराचाच, पावसाळ्यात द्या. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

अर्थसंकल्पानंतर रेल्वेचं ‘पिंक बुक’, म्हणजे झोननिहाय कामांची आणि त्यांच्या तरतुदींची यादी, संकेतस्थळावर येतं. त्यात आपल्या झोनखाली कामाचं नाव शोधा आणि समोरची तरतूद वाचा. तिथे कोटींचं काम आणि पुढे फक्त १,००० रुपये असतील, तर काम यादीत जिवंत ठेवलं आहे, सुरू होणार नाही, असा त्याचा अर्थ. सत्काराचे हार घरी ठेवा आणि पुढचा अर्ज तरतूद वाढवण्याचा करा, त्या पानाची प्रत जोडून.