तीव्र उदरविकार : लक्षणे झाकली गेल्यास निदान

पोटातील अवयव फुटणे, पिळवटणे, सुजणे किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटणे यांतून अचानक उद्भवणाऱ्या आणि पुष्कळदा तातडीची शस्त्रक्रिया लागणाऱ्या आजारांना तीव्र उदरविकार म्हणतात. रुग्णाला आधीच दुसरा आजार असला किंवा काही औषधे चालू असली, की तीव्र उदरविकाराच्या नेहमीच्या खुणा पुसट होतात. नाहीतर सगळे खापर त्या जुन्या आजारावर फुटते.

प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे दाह दडपतात. आतड्याला भोक पडूनही पोट मऊ लागते, ताप येत नाही. पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या तरी ती वाढ औषधाचीही असू शकते. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती मंदावणारी औषधे, घेणाऱ्याची नाडी धावत नाही. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्याला पोट दुखतच नाही असेही होते. एकाएकी चढलेला रक्तदाब, घाम किंवा पायांचा वाढलेला ताठरपणा एवढाच काय तो सुगावा.

सर्वांत फसवा प्रसंग मधुमेही कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन नावाची आम्ले साचण्याचा. त्यात पोटदुखी व उलट्या रक्तातील आम्लतेमुळेच होऊ शकतात आणि स्वादुपिंडाला सूज नसतानाही अमायलेज (स्वादुपिंडाच्या सुजेत रक्तात वाढणारे पाचक द्रव्य) वाढते. उलट, अपेंडिक्सची सूज किंवा पित्ताशयाचा संसर्ग हेच कीटोॲसिडोसिसचे मूळ असू शकते. म्हणून दुखणे आणि आम्लता यांचा मेळ बसतो का ते पाहावे. बायकार्बोनेट हे रक्तातील आम्ल शमवणारे द्रव्य; ते जितके कमी, तितकी आम्लता जास्त. ते ५ मिलिमोल प्रति लिटरपर्यंत घसरले असताना पोट दुखणे समजण्यासारखे आहे. १५ असताना तितकेच दुखत असेल, तर कारण पोटातच शोधावे. दुखणे आधी व उलटी नंतर, किंवा दुखणे एकाच जागी, हेही शस्त्रक्रियेच्या बाजूने जाते. सलाइन व इन्सुलिनने आम्लता ओसरूनही दुखणे टिकले, तर सीटी स्कॅन लांबवू नये.

अशा रुग्णाचे पोट शक्यतो त्याच डॉक्टरने काही तासांच्या अंतराने पुन्हा तपासावे. एकदा मऊ लागले म्हणजे सुटका झाली असे नाही. फुटलेल्या आतड्यातून पोटाच्या पोकळीत सुटलेली हवा पाहण्यासाठी छातीचा एक्स-रे उभ्याने काढतात. उभे राहता येत नसेल, तर डाव्या कुशीवर झोपवून पोटाचा काढतात, म्हणजे हवा यकृताच्या कडेला दिसते. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका असेल, तर लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडल्यावर रक्तात वाढणारे द्रव्य) सामान्य आले म्हणून थांबू नये, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) वाढले म्हणून सीटीसाठी शिरेतून द्यायचे कॉन्ट्रास्ट औषधही टाळू नये. वेदनाशामकाने निदान बिघडते ही समजूत मात्र जुनी झाली. मोजून दिलेल्या मॉर्फीनने रुग्ण सैल पडतो आणि पोट उलट नीट चाचपता येते.