ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे

बायोप्सीचा रिपोर्ट आला की घरातलं कोणीतरी तो मोबाइलवर मोठा करून बघतं. त्यातलं ‘ग्रेड ३’ तेवढं नेमकं डोळ्यात भरतं, आणि संध्याकाळपर्यंत नातेवाइकांत ‘तिसऱ्या स्टेजचा आहे म्हणे’ अशी बातमी पोचलेली असते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हा घोळ नेहमीचा. इंटरनेटवर रात्रभर काहीबाही वाचण्यापेक्षा हा कागद आधी नीट वाचलेला बरा.

ग्रेड ठरतो पेशींच्या रूपावरून. गाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो टिकवून ठेवणाऱ्या द्रवात ठेवतात, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे जेमतेम काही मायक्रॉन जाडीचे काप काढून रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली पॅथॉलॉजिस्ट तीन गोष्टी बघतात: पेशी अजून नळ्यांसारखी रचना करतात का, त्यांची केंद्रकं किती वेडीवाकडी झाली आहेत, आणि विभाजन होत असलेल्या पेशी किती दिसतात. प्रत्येकीला १ ते ३ गुण. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर ग्रेड २, आणि ८ किंवा ९ म्हणजे ग्रेड ३. (जास्त मार्क मिळणं वाईट, अशी ही परीक्षा.) ग्रेड ४ या पद्धतीत नसतोच.

स्टेज मुख्यतः विचारते ते वेगळंच: गाठ केवढी आहे, काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचली का, हाडं, यकृत, फुप्फुस अशा लांबच्या ठिकाणी गेली का. सुईने काढलेल्या तुकड्यावरून हे सगळं कळणार कसं? त्यासाठी डॉक्टरांची तपासणी, स्कॅन आणि पुढे ऑपरेशननंतरचा रिपोर्ट लागतो. हल्ली स्टेज ठरवताना ग्रेडही हिशेबात घेतात, पण दोन्ही एक नव्हेत. दीड सेंटिमीटरची, काखेत न पोचलेली गाठ ग्रेड ३ असूनही पहिल्या स्टेजची असू शकते.

दुसरी धडकी भरते ती ‘ईआर पॉझिटिव्ह’ वाचून. याचा अर्थ इतकाच, की पेशींमध्ये इस्ट्रोजेन या हार्मोनचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे ते पकडणारी प्रथिनं आहेत. म्हणजे टॅमॉक्सिफेनसारख्या हार्मोनविरोधी गोळ्यांचा उपयोग होण्याची शक्यता आहे. ही बातमी बहुतेक वेळा दिलाशाचीच.

हर-टूची (HER2) गोष्ट जरा गुंतागुंतीची. हे पेशींवरचं, त्यांना वाढायला लावणारं प्रथिन; ते किती आहे ते रिपोर्टमध्ये अंकांत लिहितात. ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. हर-टू पॉझिटिव्ह कॅन्सर एके काळी फार आक्रमक म्हणून डॉक्टरांनाही धास्ती असे. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या हर-टूवरच मारा करणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. पण २+ आलं तर निकाल लागलेलाच नाही. त्याच तुकड्यावर ‘फिश’ नावाची जनुकीय तपासणी करावी लागते. रिपोर्टवर २+ दिसत असेल आणि फिशबद्दल कोणी बोलत नसेल, तर तुम्हीच विचारा. ट्रास्टुझुमॅब द्यायचं की नाही, हे त्यावर ठरतं.

या चाचण्यांचा भरवसा तुकडा कसा जपला यावरही असतो. फॉर्मालिनमध्ये तो किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास असावा, असा संकेत आहे. म्हणूनच परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरं मत घ्यायला जाताना नुसता कागद नेऊ नका. आधीच्या लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. तिथले पॅथॉलॉजिस्ट ते स्वतः पुन्हा बघतात, आणि कधी कधी निदानात फरकही पडतो. ब्लॉक नीट जपला तर काही वर्षांनीही त्यावर नवी तपासणी करता येते, त्यामुळे परत घेताना पावती आणि ब्लॉकवरचा नंबर जुळवून घ्या.